गालातला गूळ

म्हशीचं दूध गोड आहे की खारट, एवढं एकच काम मला दिलेलं होतं, आणि ते करायला मी रोज सकाळी गालात गुळाचा खडा धरून जात होते. आता हसा. मीही हसते. दोन वेण्या, रिबिनी, धुळ्याच्या शाळेत शिकलेली, आरशात बघून भुवया उडवणारी सोळा वर्षांची घोडी, आणि अक्कल ही एवढी! दूध अर्थात रोज गोडच लागायचं. म्हशीच्या कासेशी बसलेल्या माझ्या आत्याला मी रोज छातीवर हात ठेवून सांगायची, "गोड आहे." खोटं बोलत नव्हते हो. जिभेला जे लागत होतं तेच सांगत होते. पण तिकडे त्या म्हशीच्या कासेत काय शिजत होतं, ते तिचं तिला ठाऊक.

मुळात मी त्या गोठ्यात पोचलेच कशी, तर मॅट्रिकला गणितात आपटले म्हणून. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा आपटले तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकालाचा कागद घडी करून खिशात घातला आणि आईला म्हणाले, "हिला ताईकडे पाठव. इथे गल्लीत जो तो विचारतो." ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. फुई चोपड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात राहायची. दिवाळी झाली आणि मला पत्र्याच्या ट्रंकेसकट एस.टी.त बसवून दिलं. ट्रंकेत गणिताचं पुस्तक होतं, पावडरचा डबा होता आणि संक्रांतीसाठी शिवून घेतलेलं काळ्या रुबियाचं पोलकं होतं. त्यातलं पुस्तक मी वसंत पंचमीपर्यंत उघडलं नाही, हे इथेच सांगून टाकते.

फुईचं घर म्हणजे तसं फुईचं नव्हेच. घर तिच्या जेठांचं, म्हणजे थोरल्या दिरांचं. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. केळीची बाग, कपाशी, दारात दोन बैलजोड्या, मोजकं बोलणं आणि गालात कायम तंबाखू. नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. कणगीपासून गुळाच्या डब्यापर्यंत सगळ्या किल्ल्या अक्कांच्या कमरेला. त्या चालल्या की किल्ल्या वाजायच्या, आणि स्वयंपाकघरात जो कोण असेल तो हातातलं काम उगीचच जोरात करायला लागायचा. माझी फुई लग्नानंतर चारेक वर्षांतच विधवा झालेली, मूल नाही. आजोबांनी तेव्हा तिला माहेरी बोलावलं, ती आली नाही. मग त्यांनी एक वगार पाठवून दिली. तिची पुढे म्हैस झाली, तिच्या पोटी आणखी एक, आणि मी गेले तेव्हा त्या वंशातली जमनी दावणीला होती. घरात फुईचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ती जमनी. सगळ्या घराचा चहा जमनीच्या दुधाचा, तूप जमनीचं, पाव्हणे आले की कढी जमनीच्या ताकाची. त्यामुळे अक्कांनासुद्धा सकाळी गोठ्याच्या दाराशी येऊन "दूध देस का?" असं विचारावं लागायचं. तेवढं वाक्य ऐकताना फुईची मान जरा ताठ व्हायची. बाकी दिवसभर ती मान खालीच.

तिथलं जेवण मला अजून आठवतं. कळण्याची भाकर, तिच्यावर तेल सोडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा, थंडीत वांग्याचं भरीत, आणि ज्या दिवशी फुणके आणि कढी असेल त्या दिवशी नानांच्या तोंडून एखादं वाक्य जास्त. तिखट इतकं की माझ्या नाकाडोळ्यांतून धारा. आणि जेवण झालं रे झालं की बायका ओसरीवर बसून मिसरी लावायच्या. काळ्या बोटांनी काळे दात घासत, पचापचा थुंकत, तासभर गप्पा. मी पायरीवर बसून तोंड वाकडं करायची. अक्का थुंकायच्या त्या नेमक्या तुळशीच्या वृंदावनामागे, आणि सकाळी त्याच वृंदावनाला पाणी घालायच्या. आता मला वाटतं, किळस येण्याची आवड असते काही मुलींना. मला ती फार होती. कशाचीही किळस आली की आपण जरा उंच घरातले आहोत असं वाटायचं.

याच मिसरीनं माझा घात केला. गोष्ट अशी, की त्या घरात म्हैस पिळण्याआधी दूध चाखायची रीत होती. पारडू सोडायचं, त्यानं ढुश्या मारून पान्हा आणायचा, मग त्याला ओढून बांधायचं, कास कोमट पाण्यानं धुवायची आणि चारही सडांची एकेक धार वेगवेगळी तळहातावर घेऊन जिभेला लावायची. दूध गोड लागलं तर सगळं ठीक. एखाद्या सडाचं जरासं खारट लागलं, तर समजायचं की त्या सडात दगडी धरायला लागली आहे. दगडी म्हणजे कासेचा रोग. कास दगडासारखी होते, दुधात गाठी येतात, पू येतो आणि सड कायमचा बसतो. पण दुधाची चव आधी बदलते, सूज मागून येते. त्यामुळे चव वेळेवर कळली तर सड वाचतो. आता चव कळायला जीभ हवी. मिसरी, तंबाखू आणि ठेचा खाऊन घरातल्या मोठ्यांच्या जिभा चपलेच्या तळासारख्या झालेल्या. म्हणून हे काम घरातल्या कोवळ्या पोरीचं. आधी ते अक्कांची धाकटी मुलगी करायची. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि घराची जीभ सासरी गेली. मग मी ट्रंक घेऊन उतरले. फुईनं माझी हनुवटी धरून म्हटलं, "मिसरी लावत नही ना व तू?" मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "शी! मुळीच नाही." तिथेच माझी नेमणूक झाली.

पहिल्या सकाळचं काय सांगू! गोठ्यात शिरताना पायाखाली पचकन काही तरी झालं, त्याकडे मी बघितलं नाही. शेणाचा, मुताचा, भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचा वास एकमेकांत मिसळून नाकात असा बसला की तो मला जेवतानाही यायचा. जमनी मागे वळून माझ्याकडे बघत रवंथ करत होती आणि तिच्या ओठांवरून हिरवट फेसाची तार लोंबत होती. कासेच्या वरच्या घडीत बोराएवढी टम्म गोचीड. फुईनं ती दोन बोटांनी उपटली आणि बोलता बोलता खुंटावर चिरडली, तशी रक्ताची चिळकांडी उडाली. सडांना पारडाची लाळ. फुईनं धुतली म्हणे, पण मी काय आंधळी होते? मग तिनं तळहात माझ्यापुढे केला. त्या हाताच्या रेघांमध्ये काळी माती, मधोमध कोमट दुधाचं तळं आणि त्यात एक केस. म्हशीचा. "चाख," फुई म्हणाली. त्याच वेळी जमनीनं शेपटी फिरवली. तिच्या गोंड्याला रात्रीचं ओलं शेण होतं. ते माझ्या गालावरून कानापर्यंत गेलं, डाव्या वेणीची रिबीन हिरवी झाली, आणि मी परसात जाऊन आदल्या रात्रीची भाकर ओकून आले.

अक्का चुलीपाशी बसून हे बघत होत्या. हसत हसत म्हणाल्या, "शहरनी पोर शे, किळस येस व तिले." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्याकडे निघाले तशी त्यांनी मला आत बोलावलं, डबा उघडला आणि गुळाचा एक खडा माझ्या हातावर ठेवला. "गालमा ठेव. मंग काहीच वाटाव नही." गुळाला हात लावायची त्या घरात कोणाची टाप नव्हती. फुईच्या चहात गूळ नखाएवढा पडायचा, आणि मला आख्खा खडा! मी हरखले. त्या गुळानं खरंच जादू केली. तळहात पुढे आला की मी डोळे मिटायची, जीभ टेकवायची, गालातला गोडवा जिभेवर ओढून घ्यायची आणि मळ, लाळ, केस सगळं त्या पाकात बुडवून टाकायची. "गोड आहे." पुढचा सड. "गोड." त्याच्या पुढचा. "हाही गोड." फुई खुश, अक्का खुश, मी तर खुशच. अक्का रोज खडा द्यायच्या, तो एका सकाळी संपत नसे, मग उरलेला मी पावडरच्या रिकाम्या डब्यात साठवून ठेवायची. धुळ्याच्या मैत्रिणींना पत्रातून कळवलं की इथे माझे फार लाड होतात.

आता मला मधुमेह आहे. सूनबाईंनी गुळाचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे, स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही, आणि स्टूल सरकलं की आवाज होतो. नातीला पिशवीच्या दुधावरची सायसुद्धा बघवत नाही. "ई, आजी, हे काय तरंगतंय!" असं ओरडते. मी तिला काही म्हणत नाही. म्हणायला तोंड कुठे आहे?

अक्कांनी तो गूळ मला मुद्दाम दिला का, असं पुढे कितीतरी जणांनी मला विचारलं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. नाही. एवढी लांबची चाल करण्याइतक्या त्या हुशार नव्हत्या, आणि मनानं इतक्या काळ्याही नव्हत्या. त्यांना माझी दया आली होती, झालं. माणसं दयेपोटीही केवढं नुकसान करतात.

मार्गशीर्षातली थंडी पडली होती. एके सकाळी फुई पिळता पिळता थांबली. मागचा उजवा सड तिनं मुठीत धरला, सोडला, डावा धरला, पुन्हा उजवा धरला. मला म्हणाली, "बरोबर देख पोरी. माले हाऊ सड गरम लागी राहिना." तिनं पुन्हा धार घेऊन तळहात पुढे केला. मी जीभ लावली. गूळ नेमका तेव्हाच विरघळून जिभेच्या टोकाशी आलेला. "गोड आहे, फुई." ती माझ्याकडे बघत राहिली, मग स्वतःच्याच हाताकडे बघितलं. "थंडीना मारे मनाच हात गार पडी गयात व्हतीन," असं पुटपुटली आणि पुन्हा पिळायला बसली. दुसऱ्या दिवशीही तिनं तसंच विचारलं. मीही तसंच सांगितलं. तिच्या हाताला जे कळत होतं ते तिनं माझ्या जिभेवर भरवसा ठेवून बाजूला सारलं. हे एवढं आठवलं की मला आजही माझ्या त्या सोळा वर्षांच्या थोबाडाला शेपटीचा दुसरा फटका मारावासा वाटतो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच अक्कांच्या मुलीच्या सासरचे लोक आले. नानांचे व्याही म्हणजे मोठं प्रस्थ, पांढरीशुभ्र टोपी, करकरीत जोडा. ओसरीवर सतरंजी घातली. अक्कांनी चहा टाकला, दूध ओतलं, आणि पातेल्यात बघता बघता चहा फाटला. वर पिवळट पाणी, खाली चोथा. अक्कांनी दुसरं आधण ठेवलं, तेही फाटलं. शेवटी शेजारून दूध आणून चहा झाला. व्याही चहा पिऊन, मिशा पुसून, गाडी जोडून गेले, पण अक्कांचा चेहरा संध्याकाळपर्यंत लालच होता. त्या गोठ्याच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, किल्ल्या एकदा वाजवल्या आणि परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे जमनीनं पारडाला लाथ मारून उडवलं. फुईनं हात लावला तर तिलाही जवळ येऊ देईना. नानांनी पुढे उभं राहून शिंगं धरली, तेव्हा कुठे फुईला कास चाचपता आली. मागचा उजवा भाग जात्याच्या तळीसारखा टणक आणि तापलेला. फुईनं तो सड अंगठ्यानं हळूच दाबला. काही आलं नाही. पुन्हा दाबला. मग त्यातून पिवळट, चिकट, गांडुळाएवढी एक गाठ लोंबली, लोंबत राहिली आणि पचकन माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. कोमट होती. तिच्यामागून रक्ताची तार असलेलं पाणी. आणि वास! मेलेला उंदीर नासक्या ताकात बुडवला तर जसा येईल तसा. रोज याच सडाला मी "गोड" म्हणत होते, त्याचंच जिभेला लावत होते, हे मला त्या क्षणी कळलं. ओकायलासुद्धा मला परसापर्यंत पोचता आलं नाही.

नानांनी माणूस पाठवून चोपड्याहून गुरांच्या डॉक्टरांना आणलं. उंच, घामाघूम झालेला तरुण माणूस, सायकलच्या मागे पेटी बांधलेली. त्यांनी कास चाचपली आणि मान हलवली. "हा सड गेला," ते म्हणाले. "औषध घालू, म्हशीला आराम पडेल, पण याचं दूध विसरा. आता बाकीचे तीन बघायला हवेत. काळं कापड आहे का घरात? अगदी काळं." घरात काळं काही नव्हतं. नानांची छत्री उन्हानं तपकिरी झालेली, लुगडी सगळी हिरवी-जांभळी. फुईनं माझ्याकडे बघितलं. माझं पोलकं! संक्रांतीला घालून मिरवायचं ठरवलेलं, बाहीला दोन ठिकाणी चुण्या घातलेलं. मी ट्रंक उघडली. पोलक्यावर मुंग्यांची रांग चालली होती, ती पावडरच्या डब्यात शिरत होती. मी मुंग्या झटकून पोलकं घेऊन आले. डॉक्टरांनी त्याची पाठ वाटीच्या तोंडावर ताणून दोरीनं बांधली आणि एकेका सडाची पहिली धार त्यावर मारली. पुढच्या दोन सडांची धार गेली, कापड ओलं झालं, बस. मागच्या डाव्या सडाची धार मारली तेव्हा काळ्या रुबियावर पांढरे कण राहिले. रव्यासारखे, अगदी बारीक. नुसत्या दुधात ते कोणाच्या बापाला दिसले नसते.

"इथे सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाले. "हा वाचेल, लवकर सापडला. पण तो पहिला का नाही सापडला? आठवड्यापूर्वीच दुधाची चव बदलली असेल. तुमच्याकडे चाखतात ना? रोज दूध कोण बघतं?"

सगळ्यांनी फुईकडे बघितलं. मी मात्र माझ्या पायाच्या अंगठ्याकडे. नानांनी तंबाखू थुंकली. "सड गयेल म्हैस म्हंजे खुटाले बांधेल धोंडा," ते म्हणाले. "आयतवारना बाजारपावत देखसू. दुसरा सड बी गया, ते जमनी बाजारमा." नाना बोलले की ते बोलणं संपलेलं असायचं. फुईनं पदर तोंडाशी धरला. आणि मग अक्का बोलल्या. ओरडून नव्हे, भाजी निवडताना बोलावं तसं. "मी पहिलेच सांगेल व्हतं. ज्या हातले लेकरू नही, त्या हातमा दूध कसं टिकी? आतेपाईन कास तिना हातमा देऊच नका."

दारात जमलेल्या शेजारणींपैकी कोणी हूं केलं, कोणी चूं केलं. फुईनं कासेवरचा हात काढून घेतला. तो हात कुठे ठेवावा हे तिला कळेना, म्हणून तिनं तो पाठीमागे नेला, शाळेत छडी खाताना पोरं नेतात तसा.

मी धीट होते म्हणून पुढचं घडलं असं कोणी समजू नये. मला त्या हाताकडे बघवेना, एवढंच. मी आत पळाले, पावडरचा डबा आणला आणि सगळ्यांच्या मधोमध गोठ्यात उपडा केला. गुळाचे अर्धवट चोखलेले, चिकट, पावडरीचा वास लागलेले खडे आणि शेकडो मुंग्या शेणावर पसरल्या. "मी गूळ खायची," मी भोकाड पसरून म्हटलं. "गालात ठेवून चाखायची. मला किळस यायची म्हणून. फुईनं दोनदा सांगितलं सड गरम लागतोय, मीच म्हटलं गोड आहे. तिच्या हाताला कळलं होतं. माझ्यामुळे झालं. आणि गूळ अक्कांनी दिला होता रोज!" हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं, पण रडताना गाळणी कुठे असते. डॉक्टर खोकल्यासारखं करून पेटीत काही शोधायला लागले. अक्कांच्या किल्ल्या अगदी गप्प होत्या. नानांनी त्या खड्यांकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "कास जिनी शे, तीच देखी." जिची म्हैस, तीच बघेल. आणि पागोटं डोक्यावर ठेवून शेतात निघून गेले.

पुढचे दिवस मी जी घाण काढली ती आयुष्यात पुन्हा कधी काढली नाही, आणि पुढे चार मुलांची बाळंतपणं झाली तरी म्हणते. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिभेला दूध लावणं बंद, कापडावर बघा. चांगले सड आधी पिळा, रोगी सड शेवटी, दिवसातून चार वेळा रिकामा करा. आणि त्यातलं निघालेलं गोठ्यात सांडू नका, वेगळ्या भांड्यात घेऊन लांब खड्ड्यात टाका. भांडं न्यायचं काम माझं. पोचे आलेल्या वाडग्यात ते पिवळं-तांबडं पाणी डचमळायचं, वर माश्या, आणि मी ते दोन हातांनी धरून, श्वास कोंडून, गावातल्या कुत्र्यांची वरात मागे घेऊन पांढरीपलीकडे, गावाबाहेरच्या खड्ड्यापर्यंत जायची. वाटेत ओळखीच्या बाया विचारायच्या, "काय व, गूळ शे का?" पोलक्याची पाठ रोज सकाळी वाटीवर ताणायची, मग उकळत्या पाण्यात घालायची, वाळवायची. आंबट वास त्यातून शेवटपर्यंत गेला नाही. कापडावरचे कण बघायला मी आता नाक अगदी टेकवून बसायची. फुई धार मारायची, मी बघायची. पहिल्या दिवशी कण पुष्कळ. मग जरा कमी. मग एका सकाळी पुन्हा जास्त, तेव्हा फुईनं मला चूल पेटवायला पाठवलं आणि स्वतः जमनीच्या पाठीवर डोकं टेकून बराच वेळ उभी राहिली. मी दारामागून बघत होते.

रविवारी सकाळी नाना दोर घेऊनच गोठ्याशी आले. बाजाराला जायचं तर नवा दोर लागतो. अक्का मागे, पण चार पावलं लांब. फुईनं कास धुतली, मी वाटीवर काळं कापड ताणून धरलं. मी ती इतकी पुढे सारली की वाटी जमनीच्या खुराला लागली. पुढचे दोन सड झाले. मग मागच्या डाव्याची धार. पांढरी धार काळ्या कापडावर पडली, पसरली आणि आत झिरपून गेली. काही नाही. फुईनं पुन्हा धार मारली. काही नाही. नाना धोतर सावरत शेणात उकिडवे बसले, त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, उजेडाकडे तिरपी केली, तंबाखूचा गाल जवळ नेऊन बघितलं. मग वाटी मला परत दिली, दोर खुंटीला अडकवला आणि अक्कांना म्हणाले, "चहा टाक." अक्का चुलीकडे वळल्या नाहीत. किल्ल्या मुठीत धरून त्या दाराशी आल्या आणि फुईला म्हणाल्या, "दूध देस का?"

फुईनं पातेलं भरून दिलं. मग सगळे गेल्यावर ती जमनीच्या पुढ्यात ढेप टाकून हात धुवायला लागली. मी खाली मान घालून उभी होते. मला वाटलं, आता बोलणी बसतील. बसायलाच हवी होती. ट्रंकेच्या कोपऱ्यात रुमालात बांधून ठेवलेले दोन खडे माझ्याकडे अजून उरलेले होते, हे मी मुद्दामच सांगितलं, म्हणजे काय मारायचं ते एकदाच मारून होईल. फुईनं ओले हात पदराला पुसले, माझी हिरवट रिबीन नीट केली आणि म्हणाली,

"या घरमा आजपावत मनी बाजूनं कोनी बोलेल नव्हतं, पोरी. आन तो गूळ, दोन्हीजनी खाऊत. पहिले मुंग्या झटक."